नेम



मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : लक्ष्याचा वेध आणि नित्याचा नियम. धनुर्धराच्या ठायी हे दोन्ही एकच होतात. आपल्या पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करून फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले. तेथे लक्ष्य ७० मीटरवर असते. धनुर्धर प्रत्येक वेळी तसाच उभा राहतो, प्रत्यंचा हनुवटीशी त्याच जागी आणतो, मगच बाण सोडतो. न झेपणारे धनुष्य घेतले तर हात थरथरतो, जागा चुकते आणि बाण भरकटतो.

इबादतीचेही तसेच आहे. रमजानमध्ये आपण रात्री जागवतो आणि शव्वाल लागताच फज्रही चुकवतो. फर्ज तर अटळच. नफिल मात्र पेलेल तेवढेच घ्यावे. अल्प असले तरी नित्य घडणारे कर्म अल्लाहला प्रिय आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) वृद्धापकाळीही दोन लक्ष्यांमध्ये ये-जा करीत तिरंदाजी करीत. हे कष्ट कशासाठी, असे कोणी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, ही विद्या शिकून सोडणाऱ्यास प्रेषितांनी (स.) आपल्यातला मानले नाही. ही हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे. धनुष्य सोडण्याचे एवढे भय, तर शिकलेली नमाज सोडणाऱ्याने काय म्हणावे?

फर्ज सांभाळून आजपासून रोज ठरल्या वेळी दोन रकात नफिल किंवा कुरआनचे एक पान, एवढेच धरा. अल्लाह आपला नेम ढळू न देवो. आमीन.