रिपोर्ट वाचला, दादाला विचारलं नाही

दादाला बायपोलर आहे. गोळ्यांनी वजन आणि रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. मागच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल 128 आलं. आई खूश झाली. मी मात्र रात्री फोनवर शोधत बसलो आणि एका वाक्याशी अडकलो: गंभीर मानसिक आजारात कमी कोलेस्टेरॉल आणि आत्महत्येचा धोका यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

पुढचे पंधरा दिवस मी दादावर पाळत ठेवली. तो खोलीत एकटा असला की दाराशी घुटमळायचो. त्याचं लास्ट सीन बघायचो.

मग नीट वाचलं. 1990 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मल्डून आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या चाचण्या एकत्र तपासल्या. हृदयविकाराचे मृत्यू घटले होते, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसेतले वाढलेले दिसले. 2001 मध्ये त्यांनीच आणखी चाचण्या धरून पुन्हा पाहिलं, तेव्हा तसा ठोस परिणाम दिसला नाही. शिवाय नैराश्यात जेवण तुटतं आणि त्यानेही कोलेस्टेरॉल उतरू शकतं. उलट क्लोझापिन हे औषध चरबी वाढवतं, आणि स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी अमेरिकेत 2002 मध्ये त्यालाच मान्यता मिळाली. म्हणजे आकड्यामागे आजार आहे, भूक आहे की गोळी, हे आकडा सांगत नाही.

ऑफिसात मी सर्व्हरवर अलर्ट लावतो. दुर्मीळ गोष्ट पकडायला गेलं की खोट्या अलर्टचा ढीग पडतो. 1983 मध्ये पोकॉर्नी यांनी अमेरिकेतल्या 4800 मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 67 जणांनी पुढे आत्महत्या केली. नेमके तेवढेच आधी ओळखणं कुठल्याही मोजमापाला जमलं नाही.

पण खोट्या अलर्टने सर्व्हर दुखावत नाही. माणूस दुखावतो. ज्याच्याबद्दल मला भीती वाटते त्याला न विचारता, त्याच्या रक्ताच्या आकड्यावरून त्याच्याविषयी मत बनवायचा मला काय अधिकार? काळजी होती, हे खरं. पण त्या काळजीत माझी सोयही होती. रिपोर्ट वाचणं सोपं होतं, कारण रिपोर्ट उलट काही विचारत नाही.

शेवटी विचारलं, “दादा, जीव द्यावासा वाटतो का कधी?”

“एवढं विचारायला पंधरा दिवस लागले?”

“मी विचारलं आणि तुझ्या डोक्यात तेच बसलं तर, अशी भीती वाटत होती.”

असं थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनात दिसलं आहे. मला ते नंतर कळलं.

दादा जरा थांबून म्हणाला, “मार्चमध्ये यायचे तसे विचार. आत्ता नाहीत. परत आले तर सांगीन. पण तू रिपोर्ट बघून येऊ नकोस रे. असाच येत जा.”

मार्चमध्ये त्याचं कोलेस्टेरॉल किती होतं, मी पाहिलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे दोघं गेलो आणि मार्चबद्दल त्यानेच सांगितलं. टेली-मानसचा 14416 हा नंबर आता आम्हा दोघांच्याही फोनमध्ये आहे. रविवारी मी त्याच्या खोलीत जातो, दार वाजवून.