समुद्रफूल आणि प्रमादाचा प्रश्न

समुद्रफुलाला, म्हणजे सी ॲनिमोनला, मेंदू नसतो. त्याच्या शरीरभर चेतातंतूंचे जाळे पसरलेले असते, आणि त्याला वेदना जाणवते की नाही याचे खात्रीचे उत्तर शास्त्राला आजवर देता आलेले नाही. असा जीव घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवणाऱ्यावर कोणते नैतिक बंधन येते, हे वेदनेच्या पुराव्यावर ठरवू गेल्यास निर्णय कायमचा लांबणीवर पडतो. जैन चिंतनाने येथे वेगळी वाट धरली आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेचा विचार घात करणाऱ्याच्या बाजूने केलेला असून, प्रमादाने, म्हणजे बेसावध व रागद्वेषाने मलिन झालेल्या वृत्तीने, दुसऱ्याच्या प्राणांची हानी होणे याला तेथे हिंसा म्हटले आहे. शंख व कृमी यांना स्पर्श आणि रस अशी दोन इंद्रिये असतात असे ही परंपरा मानते. संस्पर्शकांनी भक्ष्याचा स्पर्श आणि त्याचा रासायनिक गुण दोन्ही ओळखणारे समुद्रफूल त्यांच्याच पंगतीत बसावे, परंतु पाळणाऱ्याची जबाबदारी या वर्गवारीवर अवलंबून नाही.

टाकीतील समुद्रफुले क्रौर्याने क्वचितच मरतात. ती बहुधा प्रमादानेच मरतात. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, त्यामुळे घटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने वेळच्या वेळी केली नाही, तर किलोमागे सुमारे 35 ग्रॅम असायला हवी ती क्षारता नकळत चढत जाते. माशांवरील परजीवी मारण्यासाठी त्याच टाकीत तांबेयुक्त औषध घातले, तर मासे बरे होतात आणि समुद्रफूल दगावते; हेतू दयेचा असला तरी सावधपणा नव्हता, एवढ्यावरून ही हिंसाच ठरते.

गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी कृत्ये, याच ग्रंथात सांगितले आहेत, आणि त्यांतील तीन येथे विलक्षण नेमकेपणाने लागू पडतात. पहिला बंध: जैन आचार्य पूज्यपादांनी या ग्रंथावरील आपल्या टीकेत त्याचा अर्थ जीवाला इष्ट स्थळी जाण्यापासून अडवणे असा लावला आहे. नव्याने टाकीत आलेले समुद्रफूल तळव्यासारख्या पायावर अगदी सावकाश सरकत, प्रकाश व प्रवाह मानवेल अशी कपार सापडेपर्यंत हिंडत राहते, आणि या हिंडण्यातच पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊन त्याच्या चिंध्या होऊ शकतात. म्हणून पंपाला आधीच जाळी किंवा स्पंज बसवणे हे पाळणाऱ्याचे काम आहे. काचेसमोर शोभून दिसावे म्हणून कपारीत रुतलेला पाय नखाने खरवडून काढला, तर तो फाटतो आणि जखम सडू लागते. दुसरा छेद, म्हणजे अवयव कापणे. बुडबुड्यासारख्या टोकांचे समुद्रफूल आपणहून दुभंगून दोन होते, तरीही विक्रीसाठी ते पात्याने चिरण्याची पद्धत रूढ आहे. दोन्ही तुकडे जगतात म्हणून ती निर्दोष ठरते, हा युक्तिवाद स्वीकारता येत नाही, कारण नैसर्गिक विभाजनाची वेळ जीव स्वतः साधतो, पात्याची वेळ मात्र गिऱ्हाईक ठरवते.

तिसरा अतिचार अन्नपाननिरोधाचा, म्हणजे अन्नपाणी तोडण्याचा. विदूषक मासे ज्यांच्या आश्रयाने राहतात त्या समुद्रफुलांच्या पेशींत एकपेशीय शैवाले असतात, आणि प्रकाशावर ती जे अन्न तयार करतात त्याचा मोठा वाटा आश्रयदात्याला मिळतो. दिवा मंद असला किंवा जीवावर ताण आला की शैवाले बाहेर टाकली जातात व रंग उडतो. दुकानात मोहक दिसणारे शुभ्र समुद्रफूल खरे तर उपाशी असते, आणि ते हौसेने विकत घेणारा उपासमारीलाच सौंदर्य समजून बसतो.

बंध हा मुळातच अतिचार असल्याने, कठोर दृष्टीने पाहिल्यास समुद्रफूल घरी आणूच नये, आणि समुद्रातून ओरबाडलेल्या जीवाच्या बाबतीत हा निर्णय पूर्णपणे ग्राह्य आहे. टाकीतच दुभंगून झालेल्या जीवाचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्याला समुद्रात सोडणे म्हणजे टाकीतील रोगजंतू तेथे नेण्याचा धोका पत्करणे होय. त्याचे पालन कोणाला तरी करावेच लागते, आणि हे पालन किती काळ चालेल याची कल्पना पुष्कळांना नसते. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून आणलेले, पुढे ‘ग्रॅनी’ या नावाने प्रसिद्ध झालेले समुद्रफूल 1887 पर्यंत जगले. डॅलिएल स्वतः 1851 मध्ये वारले होते, आणि उरलेली छत्तीस वर्षे त्याचे पाणी एकामागून एक दुसऱ्यांनी बदलले. आपल्यानंतर हे काम कोण करील, याचा विचारही पाळणाऱ्याच्या सावधपणातच मोडतो.