आजचं चिंतन : सत्यकाम, जबालेचा मुलगा

मित्रांनो, आज छांदोग्य उपनिषदाचा चौथा अध्याय वाचत होतो. गुरुकुलात जायला निघालेला सत्यकाम आईला आपलं गोत्र विचारतो. जबाला काहीच लपवत नाही. गोत्र मला ठाऊक नाही; मी जबाला, तू सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असंच सांग, म्हणते. मुलगा तसंच सांगतो. गौतम ऋषी त्याला हाकलत नाहीत. तू सत्य सोडलं नाहीस म्हणून समिधा आणायला सांगतात!

कुंतीला हे जमलं नाही. एका दाईशिवाय तिच्यासोबत कोणीच नव्हतं, आणि कर्ण नदीत गेला. खरं बोलायला ऐकून घेणारं माणूस लागतं.

म्हणूनच १८६३ मध्ये पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी गरोदर विधवांसाठी घराचं दार उघडलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पालकत्वासाठी अविवाहित आईवर बाळाच्या वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही. पण कागद रात्री सोबत जागत नाही. शाळेचा फॉर्म कसा भरायचा, लेकराला काय सांगायचं, हे त्याच वाटेनं गेलेली दुसरी आईच सांगते. अशा आया एकमेकींना धरून राहतात, तो मला सत्संगच वाटतो.

आपण कोल्हापूरकर अंबाबाईला आई म्हणतो. मग शेजारच्या आईला पहिला प्रश्न ‘नवरा कुठं असतो?’ हाच का?

आजची साधना एवढीच : तो प्रश्न गिळायचा. ‘जेवलीस काय?’ विचारायचं, आणि ती बोलली तर ऐकायचं.

आई अंबाबाईचा उदो उदो!