मधे शून्य नसतं

अकरावीला फिजिक्स शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी एक प्रश्न मी मुद्दाम विचारला. फळ्यावर दोन ठिपके काढायचे. एकावर अधिक, दुसऱ्यावर उणे, चार्ज दोन्हीकडे सारखाच. मधोमध एक फुली मारायची. आता सांगा, या फुलीपाशी विद्युत क्षेत्र किती?

अख्खा वर्ग एका सुरात: शून्य, मॅडम!

अधिक आणि उणे, झाली फिट्टंफाट. व्यवहारात ते बरोबरही असतं. किराणावाल्याचं देणं आणि त्याच्याकडचं येणं सारखं असेल तर हिशेब मिटतो. पण फुलीवर एक धन चार्ज ठेवून बघा. अधिकवाला त्याला ढकलतो, उणेवाला ओढतो, आणि दोघांची दिशा एकच निघते. दोन-दोन नॅनोकूलोमचे चार्ज चार सेंटिमीटरवर ठेवले, तर फुलीपाशी प्रत्येकाचं क्षेत्र ४५,००० न्यूटन प्रति कूलोम येतं. दोघांचं मिळून ९०,०००. दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाणाऱ्या उभ्या प्रतलात कुठेही फिरा, याहून जोरदार क्षेत्र सापडायचं नाही. मुलांचं शून्य हे दुसऱ्याच चित्राचं उत्तर असतं: दोन्ही ठिपके अधिक असतील तर मधे खरोखर शून्य येतं. विरुद्धांच्या मधेही शून्य असतं, पण ते पोटेन्शियलचं, क्षेत्राचं नव्हे.

हे मी शिकवत राहिले, पण त्यात दुसरं काही दडलंय हे लक्षात यायला दादांना जावं लागलं. दादा म्हणजे आमचे वडील.

दादा नागसेनवनात शिकले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेज सुरू केलं, पुढे त्याला मिलिंद हे नाव दिलं आणि आवाराला नागसेनवन. (मिलिंद म्हणजे भुंगा असं आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या. दादांना ते मुळीच आवडायचं नाही.) मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याला वादात गप्प करणारा भिक्खू. दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्यातली रथाची गोष्ट दादांनी मला भाड्याच्या सायकलवर शिकवली. गुलमंडीकडच्या एका दुकानातून तासावर सायकल आणली होती, मी आठ वर्षांची असेन.

"हँडल म्हणजे सायकल का गं?"

"नाही."

"चाक?"

"नाही."

"सगळं सुटं करून पोत्यात भरलं तर त्या पोत्याला सायकल म्हणशील?"

"नाही, दादा."

"मग सायकल कुठंय?"

मी म्हणाले, "दुकानदाराची आहे, आणि तास संपत आलाय."

दादा हसले, पण सोडलं नाही. माणसाचंही असंच, म्हणाले. आत आत्मा म्हणून कुणी बसलेला नाही. सुटे भाग एका विशिष्ट रीतीनं जुळलेत, त्या जुळणीला आपण नाव दिलंय. मला ते भीतिदायक वाटलं होतं. कुणी नाहीच, तर मग आहे काय?

डायपोल, म्हणजे अधिक-उण्याची अशी जोडी, शिकवताना कधीतरी ही सायकल परत आली. अधिक आणि उणे यांची बेरीज शून्य, म्हणून लांबून पाहणाऱ्याला तिथे काही नाहीच असं वाटतं. एकट्या चार्जपासून दुप्पट लांब गेलं तर क्षेत्र चौथाई होतं. डायपोलचं मात्र आठवा हिस्सा उरतं, इतकं ते लवकर विरतं. तरी ते असतं. चार्ज आणि दोघांमधलं अंतर यांचा गुणाकार म्हणजे डायपोल मोमेंट, आणि दुरून जे काही जाणवतं ते त्या गुणाकाराचं. डायपोल अधिकात नाही, उण्यात नाही. दोघांना एकावर एक आणून ठेवा, एकही चार्ज हरवत नाही, पण डायपोल नाहीसा होतो. भाग सगळे शाबूत आणि सायकल गायब.

इथे मला सावध राहिलं पाहिजे. "बुद्धाचं म्हणणं विज्ञानानं सिद्ध केलं" असे मेसेज आमच्या ग्रुपवर रोज येतात आणि मी ते रोज पुसते. बुद्धाला कूलोमच्या दाखल्याची गरज नाही, कूलोमलाही बुद्धाच्या नाही. शिवाय फळ्यावरचे माझे दोन ठिपके स्वतंत्र आहेत, एकमेकांशिवाय राहू शकतात. नागसेनाच्या रथाहून ते जास्त हट्टी आहेत. त्या मानानं पाण्याचा रेणू बरा. त्यात दहा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन, आणि दोन वेगळे ठिपके कुठेच नाहीत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जरा जास्त ओढून धरतो, दोन हायड्रोजन १०४.५ अंशांच्या कोनात एका अंगाला वाकलेले, त्यामुळे धन चार्जचं केंद्र आणि ऋण चार्जचं केंद्र एका जागी पडत नाहीत. एवढंच. त्या थोड्याशा चुकामुकीवर मीठ विरघळतं.

पण मला बोलायचंय ते मधल्या फुलीबद्दल.

विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. दादा आम्हाला रविवारी तिथे न्यायचे, डब्यात पोळी आणि ठेचा. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्ध बसलाय, आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढाले भक्त गुडघे टेकून, हात जोडून. बुद्धाचे हात धम्मचक्राच्या मुद्रेत आहेत, म्हणजे सारनाथच्या पहिल्या उपदेशाची खूण. तो उपदेश सुरू होतो तोच दोन टोकांपासून: भोगात लोळणं हे एक, देहाला छळणं हे दुसरं, आणि तथागतानं दोन्ही सोडून मधला मार्ग धरला.

मधला मार्ग म्हणजे थोडं इकडचं, थोडं तिकडचं, असं मी समजत होते. दादांना त्याचा राग होता. ते पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी तिथे विहिरीवरून तंटा झाला, तेव्हा एक शहाणा माणूस मधे पडला: तुम्ही थोडं सोडा, ते थोडं सोडतील. "आम्ही सोडायचं काय? तहान?" दादा विचारायचे. त्यांच्या मते ती सरासरी होती, मार्ग नव्हता.

मग मराठवाडा विद्यापीठाचं प्रकरण. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला. मराठवाडाही राहिलं, बाबासाहेबही आले. पुष्कळ लोक म्हणाले, छान, मधला मार्ग निघाला. त्या दिवशी दादा विद्यापीठाच्या गेटवर गेले, कमानीला हात लावून आले, आणि घरी चहा पिताना एवढंच बोलले: "मधली सोळा वर्षं ज्यांनी काढली त्यांना विचारा म्हणावं, मधे किती शांत असतं ते."

पुढे दादा गेले. फळ्यावरची फुली मला त्यानंतर वेगळी दिसू लागली. मुलं तिथे शून्य म्हणत, आणि मला ते फक्त गणित चुकल्यासारखं वाटेना.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मात्र बेगमपुऱ्यातल्या एका मुलीनं मला गाठलं. मी भाबडेपणानं वर्गात बुद्धाचा मधला मार्ग आणि ही फुली जोडून दाखवली होती. ती तास संपल्यावर आली. "मॅडम, पण फुलीवर चार्ज ठेवला तर तो मधे राहतच नाही. सरळ उण्याकडे जातो. मग मार्ग मधला कसा?"

मला उत्तर सुचलं नाही. खोटं कशाला सांगू, उपमाच मोडली होती.

त्या रात्री आमच्या गल्लीत पाण्याची पाळी होती. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ड्रम, हंडे, बादल्या मांडून मी ओट्यावर कागद घेऊन बसले. फुलीवर सुटा चार्ज न ठेवता, एक छोटा डायपोलच ठेवला तर? आडव्यातिडव्या दिशेनं ठेवला. त्याचं अधिक एका अंगाला ओढलं जातं, उणे तेवढंच दुसऱ्या अंगाला. क्षेत्र त्या बिंदूशी दोन्हीकडे सारखं बदलतं, त्यामुळे निव्वळ बल शून्य. उरतो फक्त पीळ. तो जागचा हलत नाही, नुसता वळतो आणि क्षेत्राच्या दिशेला तोंड करतो.

दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तेच आलं. सकाळी त्या पोरीला गाठून सांगायचं ठरवलं. नळ दीडला आला. आधी नुसती हवा, मग गढूळ धार, मग नितळ.