घर जळालं, तारीख राहिली

लॉस एंजेलिस काउंटीत मालमत्ता कराचं बिल दरवर्षी ऑक्टोबरात येतं. त्यात मालमत्तेची किंमत दोन ओळींत मांडलेली असते. पहिली ओळ जमिनीची. दुसरीला तिथे ‘इम्प्रूव्हमेंट्स’ म्हणतात, म्हणजे सुधारणा. घर, गॅरेज, पोहण्याचा तलाव, माणसाने जमिनीवर जे जे उभं केलं ते करखात्याच्या लेखी जमिनीत केलेली सुधारणाच. 7 जानेवारी 2025च्या संध्याकाळी ईटन कॅन्यनमध्ये आग लागली आणि वादळी वाऱ्याने ती रातोरात अल्टाडेना गावात आणली. 9,400हून अधिक इमारती गेल्या, 19 माणसं गेली. हजारो बिलांवर त्या दुसऱ्या ओळीत दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

पहिली ओळ मात्र राहिली. आणि तिच्या मागे आणखी एक गोष्ट राहिली, जी बिलावर कुठेच छापलेली नसते पण बिलाचा आकडा तीच ठरवते. ती म्हणजे एक तारीख.

ही तारीख समजून घ्यायची तर 6 जून 1978पर्यंत मागे जावं लागतं. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 13’ हा प्रस्ताव मंजूर केला. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यांच्या मागोमाग कर वाढत होता, आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या, कर्ज फिटलेल्या घरातून कराच्या धास्तीने उठावं लागत होतं. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गान या दोघांनी त्या रागाला वाट करून दिली. ठरलं ते असं: कर किमतीच्या एक टक्का. किंमत म्हणजे आजचा बाजारभाव नव्हे, तर तुम्ही घर घेतलंत त्या वर्षाची किंमत, आणि 1975च्या आधीपासून घर तुमचं असेल तर त्या वर्षाची. तिच्यात दरसाल फार तर दोन टक्के वाढ. घर विकलं गेलं, मालकी बदलली, की मगच नव्या बाजारभावाने मोजणी. तिथल्या भाषेत या आधारभूत आकड्याला मूळ वर्षाची किंमत म्हणतात.

हिशेब करून पाहू. समजा, एका जोडप्याने 1971 साली अल्टाडेनात घर घेतलं आणि 1975ला त्याची किंमत 40,000 डॉलर धरली गेली. पन्नास वर्षं दोन-दोन टक्के चढवले तरी 2025मध्ये ती 1 लाख 7 हजारांच्या आसपास पोहोचते. मूळ कर वर्षाला साधारण 1,070 डॉलर. शेजारचं तसंच घर कुणी अलीकडे 12 लाखांना घेतलं असेल तर त्याचा कर 12,000. दोन्ही घरं सारखी, पाणी तेच, शाळा त्याच, आणि आग लागली तेव्हा धावून येणारा बंबही तोच. हा अन्याय आहे असं म्हणत लॉस एंजेलिसमधली एक घरमालकीण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 1992मध्ये ती आठ विरुद्ध एक अशी हरली. म्हणजे त्या राज्यात कर खरं तर घरावर नसतोच, मालकाच्या तारखेवर असतो. तारीख जितकी जुनी तितकी श्रीमंत.

मुंबईच्या माणसाला हे चटकन उमजेल, कारण पगडीची खोली आपण पाहिलेली आहे. पन्नास रुपये भाड्याच्या खोलीत भाडेकरू राहतो तो भिंतींच्या जोरावर नाही, गोठलेल्या भाड्याच्या जोरावर. आणि पगडीवाल्याच्या मनात पावसाळ्यात जो प्रश्न येतो तोच इथेही येणार आहे: इमारतच पडली तर माझा हक्क कशाला चिकटून राहणार? आपल्याकडे सांगली-मिरज भागातल्या एका खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वास्तू गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, तो जमिनीवरही असतो. कॅलिफोर्नियानेही मालकापुरतं हेच मान्य केलं आहे. घोडं अडतं ते वारसापाशी.

आधी मालकाचं पाहू, कारण त्याच्यासाठी कायदा खरोखर उदार आहे. आपत्तीत 10,000 डॉलर किंवा त्याहून अधिक नुकसान झालं, दोष मालकाचा नसला, आणि बारा महिन्यांत अर्ज केला, की जळालेल्या भागापुरती किंमत त्या महिन्यापासून खाली येते. भरलेल्या करातला जादा भाग परत मिळतो. पुन्हा घर बांधलं आणि ते आधीच्याच तोडीचं असलं, तर ते नवं बांधकाम समजलं जात नाही. 2027मध्ये उभ्या राहिलेल्या घरावर 1975चाच हिशेब चालू राहतो. तिथे बांधायचं नसेल तर राज्यपालांनी जाहीर केलेल्या आपत्तीनंतर त्याच काउंटीत, पाच वर्षांच्या आत, तशाच घरावर ती जुनी किंमत उचलून नेता येते. गाडीचा पसंतीचा नंबर नव्या गाडीवर घ्यावा तशी.

मला यातली कल्पना आवडते. आगीने वस्तू नेली, पण माणसाने पन्नास वर्षं एका जागी राहून जे कमावलं ते नेलं नाही, असं यात गृहीत धरलेलं आहे.

आता वारसा. 1986मध्ये ‘प्रपोझिशन 58’ने ही तारीख आईवडिलांकडून मुलांकडे जशीच्या तशी जाऊ दिली. राहत्या घराला किमतीची मर्यादा नाही, मुलाने तिथे राहायची सक्ती नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. समुद्रकाठचे बंगले वारसाहक्काने मिळालेल्या मंडळींनी ते महिन्याला हजारो डॉलरने भाड्याने दिले आणि कर भरला तो आईवडिलांच्या तरुणपणच्या दराने. 2018मध्ये वर्तमानपत्रांनी अशी घरं मोजून छापली, नामवंत नटांची नावं आली, लोक चिडले. ते चिडणं रास्त होतं.

त्या चिडीतून, आणि घरांची विक्री वाढावी असं वाटणाऱ्या इस्टेट एजंटांच्या संघटनेच्या पैशांतून, नोव्हेंबर 2020मध्ये ‘प्रपोझिशन 19’ आलं. जेमतेम 51 टक्के मतांनी ते पास झालं. त्याचं पूर्ण नाव वाचण्यासारखं आहे. ज्येष्ठ नागरिक, गंभीर अपंगत्व असलेले, कुटुंबं आणि वणवा किंवा नैसर्गिक आपत्तीत सापडलेले लोक यांच्या घरांचं रक्षण करणारा कायदा, असं ते नाव. त्याने वणव्यात राहतं घर गमावलेल्या मालकाला खरंच मोठं दान दिलं: दोन वर्षांच्या आत राज्यात कुठेही घर घ्या, जुनी किंमत सोबत न्या. आणि याच कायद्याने दुसऱ्या हाताने मुलांकडची तारीख काढून घेतली. 16 फेब्रुवारी 2021पासून वारशातल्या घराची जुनी किंमत टिकवायची तर दोन अटी झाल्या. घर आईवडिलांचं मुख्य निवासस्थान असलं पाहिजे. आणि मुलाने वर्षाच्या आत तिथे स्वतः राहायला जाऊन, मालक-रहिवाशाला मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज केला पाहिजे. एवढं केलं तरी माफी जुनी किंमत आणि बाजारभाव यांतल्या ठराविक फरकापुरतीच. ही मर्यादा मुळात 10 लाख डॉलर होती, फेब्रुवारी 2025पासून ती 10,44,586 आहे.

आपल्या उदाहरणातली मुलगी आईच्या माघारी त्या 12 लाखांच्या घरात राहायला आली तर तिचा कर साडेपंधराशेच्या आसपास. नाही आली तर 12,000. इथपर्यंत माझी तक्रार नाही. घर तुझं आहे ना, मग राहा त्यात, हे मागणं चुकीचं नाही.

पण ‘राहा’ म्हणायला तिथे घर असावं लागतं.

ही मुलगी तिथे आलीच आहे असं धरू. आई 2023मध्ये गेली, मुलगी सहा महिन्यांत राहायला आली, अर्ज केला, आणि 2025च्या जानेवारीत घर जळालं. ती त्या दिवशी मालक होती, म्हणून मालकाला मिळणारं सारं तिला मिळतं. आता आईचं जाणं पुढे ढकला. घर जळालं तेव्हा आई ऐंशीची होती. विम्याशी भांडण, राखेची सफाई, नकाशे, परवाने, कंत्राटदार. दोन-तीन वर्षं यात सहज जातात, आणि ऐंशीच्या बाईकडे तेवढी असतीलच असं नाही. ती भाड्याच्या खोलीतच वारली. मुलीला वारशात मिळाला तो एक रिकामा चौकोन आणि त्यावर उभं राहिलेलं विटांचं धुराडं.

आता कायदा त्याच्या ठरलेल्या चालीने चालतो. मालकी बदलली ती मृत्यूच्या तारखेला. त्या तारखेला हे आईचं मुख्य निवासस्थान होतं का? मालक-रहिवाशाची सवलत हीच त्याची खूण. ती सवलत किती? करपात्र किमतीत 7,000 डॉलरची सूट, म्हणजे वर्षाला सत्तर डॉलर. या सत्तर डॉलरच्या चिठ्ठीवर हजारोंची माफी टांगलेली. घर दुरुस्तीपुरतं रिकामं असेल, माणूस परत यायच्या इराद्याने दूर असेल, तर ही सवलत टिकते. घर पूर्ण राख झालं असेल तर साध्या नियमाने टिकत नाही. म्हणून तर राज्याच्या, सॅक्रामेंटोतल्या विधिमंडळाने गेल्या काही दशकांत एकेका आगीचं आणि काउंटीचं नाव घालून वेगळी कलमं जोडली आहेत. कायद्यातला तो भाग वाचला तर वणव्यांची बखर वाचल्यासारखं वाटतं. 2025च्या आगींनंतरही मुदती वाढवण्याची, अटी सैल करण्याची विधेयकं आली. म्हणजे भोक कुठे आहे हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक वेळी त्या जागी नवं ठिगळ लागतं, कापड काही बदलत नाही.

दुसरी अट तर अजून अवघड. मुलीने वर्षाच्या आत राहायला यायचं. कुठे? जुनी किंमत उचलून दुसऱ्या घरावर न्यावी म्हटलं तर ती सोय ज्याचं घर आगीच्या दिवशी होतं त्याच्यासाठी, आणि त्या दिवशी मालक आई होती. म्हणजे आपत्तीचा कायदा म्हणतो, तू तेव्हा मालक नव्हतीस. वारशाचा कायदा म्हणतो, तू मालक झालीस तेव्हा घर नव्हतं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं.

पुढचा हिशेब फार सांगत नाही. जळालेली मोकळी जागा सहा लाखांची धरली गेली तर आईच्या वेळी पाचशे डॉलरच्या आत असलेला जमिनीचा कर सहा हजारांवर जातो. त्यावर घर बांधलं तर नव्याने मोजायला ते आहेच. पुष्कळ जण या आकड्यापाशी थांबतात आणि जागा विकतात. घेणारे तयार असतात.

हे अल्टाडेनात घडतं आहे, याला एक जुना अर्थ आहे. लेक अव्हेन्यू हा रस्ता गावाचे दोन भाग करतो. कृष्णवर्णीयांना घर कुठे घेता येईल यावर बँका आणि दलालांनी दशकानुदशकं रेषा ओढल्या होत्या. साठ-सत्तरच्या दशकांत शेजारच्या पॅसाडेनात महामार्ग आणि पुनर्विकासाने वस्त्या उठल्या तेव्हा अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना लेकच्या पश्चिमेला घर मिळालं. शिक्षक, पोस्टातले, नर्सेस. त्यांच्याकडे समुद्रकाठचे बंगले नव्हते. एकच घर, आणि त्याला चिकटलेली सत्तरच्या दशकातली तारीख. बाकी संपत्ती अशी नाहीच. आगीच्या रात्री घर सोडण्याचा आदेश पूर्वेपेक्षा पश्चिमेला तासन्‌तास उशिरा निघाला. मृतांत म्हातारी माणसं बहुसंख्य, आणि जवळपास सगळी याच बाजूची. त्यांच्या मुलांना पडलेला प्रश्न लिहितानाही बोट अडखळतं: आधी आई गेली की आधी घर? कारण मालकी मृत्यूच्या क्षणी बदलते, आणि त्या क्षणी घर उभं होतं की नव्हतं यावर काय वारशात आलं ते ठरतं.

श्रीमंतांची पळवाट बुजवायला रचलेली अट इथे नेमकी उलट माणसावर येऊन पडते. मालिबूच्या समुद्रकाठच्या बंगल्यात वारसाला राहायचं नव्हतं, म्हणून त्याला ‘राहा’ म्हटलं. अल्टाडेनातल्या मुलीला राहायचं आहे. तिच्यासाठी वर्षाची मुदत मृत्यूपासून मोजण्याऐवजी घरात राहता येईल त्या दिवसापासून मोजली, आणि आईचं निवासस्थान आगीच्या आदल्या दिवशी पाहिलं, तर अटीचा हेतू तसूभरही ढळत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत अशी दुरुस्ती करणं सोपं नाही, मतदारांकडे जावं लागतं. पण ‘निवास’ या शब्दाचा अर्थ लावणं विधिमंडळाच्या हाती आहे, आणि तो अर्थ त्याने आधीही लावला आहे.

अल्टाडेनात सांता रोझा अव्हेन्यूवर देवदारांची रांग आहे. मूळची हिमालयातली ही झाडं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे लावली गेली आणि 1920पासून नाताळात त्यांच्यावर दिवे लागतात. पत्ता सांगताना लोक त्या झाडांची खूण सांगत. आता बऱ्याच पत्त्यांवर सांगण्यासारखी तीच खूण उरली आहे.

वारसाला जो अर्ज भरावा लागतो त्यात त्या मालमत्तेचा पत्ता विचारतात. पुढे विचारतात, हे तुमचं मुख्य निवासस्थान आहे का. ‘हो’वर खूण केली की शेजारी एक रकाना असतो: राहायला आल्याची तारीख.