बॅकसचं देऊळ

दोन भाऊ होते. थोरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा अकरावीत. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी पैज लावली. २००४ साली आलेला ‘रोम: टोटल वॉर’ हा जुना गेम दोघांच्याही लॅपटॉपवर होता. दोघांनी ज्युलिआय हे एकच घराणं घ्यायचं, इसवी सनपूर्व २७० पासून डाव मांडायचा आणि शंभर टर्न झाल्या की कुणाची शहरं जास्त ते मोजायचं. शंभर टर्न म्हणजे गेममधली पन्नास वर्षं. हरेल त्याने आठवडाभर घरची भांडी घासायची.

या गेममध्ये एका शहरात एकाच देवाचं देऊळ बांधता येतं. दुसरं हवं असेल तर पहिलं पाडावं लागतं. ज्युलिआय घराण्याच्या वाट्याला तीन देव येतात. धान्याची देवी सेरेस लोकसंख्या वाढवते, ज्युपिटर कायद्याचा धाक बसवतो आणि मद्याचा देव बॅकस लोकांना खूश ठेवतो. थोडीफार खुशी तिघंही देतात, पण बॅकसचा हात त्यात सगळ्यात सढळ.

दोघांनी अरेटियम आणि अरिमिनम या दोन शहरांपासून सुरुवात केली आणि उत्तरेला गॉल लोकांच्या मुलखात घुसले. धाकट्याने आधी मेडिओलानम घेतलं. जिंकलेलं शहर कधीच सुखासुखी नांदत नाही. नकाशावर शहराशेजारी दिसणारा छोटासा चेहरा लालबुंद झाला होता. कर कमी केला तर तिजोरी रिकामी होणार आणि फौज तिथेच ठेवली तर पुढची मोहीम अडणार. धाकट्याने बॅकसचं देऊळ बांधायला घेतलं. काही टर्नमध्ये चेहरा हिरवा झाला, हसायला लागला. फौज मोकळी झाली आणि पुढे सरकली. मग धाकट्याला युक्तीच सापडली. शहर घ्यायचं, बॅकस बसवायचा, पुढे निघायचं.

थोरल्याचं सुरुवातीला काही खरं नव्हतं. त्याने जिथे तिथे सेरेस बांधली. शहरं भराभर फुगली आणि गर्दीबरोबर घाण वाढली. गेम ही घाणसुद्धा मोजतो, आणि ती वाढली की लोक चिडतात. अरेटियममध्ये दंगल उसळल्यावर तो तासभर नुसताच पडद्याकडे बघत बसला. शेवटी मोठ्या शहरांतली सेरेस पाडून तिथे ज्युपिटर बांधला आणि लहान गावांतली तशीच ठेवली. यात त्याच्या पंधरा टर्न वाया गेल्या.

“दादा, तू देवळंच बांधत बस,” धाकटा म्हणाला. “मी तोवर आल्प्सपर्यंत जाऊन येतो.”

शंभरावी टर्न संपली. धाकट्याची तेरा शहरं, थोरल्याची अकरा. पैज धाकट्याने जिंकली. त्या रात्री भांडी थोरल्याने घासली.

गोष्ट इथेच संपली असती. पण सुट्टी अजून बाकी होती आणि डाव रंगात आला होता. दोघे पुढे खेळत राहिले.

एकशे आठव्या टर्नला गॉलांची मोठी फौज चालून आली आणि धाकट्याला सेनापतीची गरज पडली. मेडिओलानममध्ये त्याने एक हुशार तरुण गव्हर्नर म्हणून बसवला होता. गेममध्ये घराण्यातली मुलं सोळाव्या वर्षी कारभाराला येतात. हा आला तेव्हापासून तिथेच होता. हिरवा चेहरा बघून धाकट्याने इतकी वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्याने त्याचं पान उघडलं. चित्रातला तरुण म्हातारा झाला होता आणि खाली त्याच्या स्वभावाची यादी लांबली होती. यादीत दारूची सवय होती. आधी कधीमधी घेणारा, मग आवडीने घेणारा, आणि आता चक्क दारुडा. गेम बनवणाऱ्यांनी तशी मेखच मारून ठेवलीय. बॅकसच्या देवळाच्या सावलीत जो गव्हर्नर वर्षानुवर्षं बसतो, त्याला ही सवय जडण्याचा धोका असतो. गव्हर्नरचा वचक गेला की शहराची शिस्तही जाते.

धाकट्याने घाईघाईने बाकीच्या गव्हर्नरांची पानं उघडली. बहुतेकांची तीच गत.

त्याने मेडिओलानमचं देऊळ पाडून टाकलं. देऊळ एका क्लिकमध्ये पडलं, पण माणसाच्या पानावरची ओळ काही पुसली गेली नाही. वर खुशीचा आधार गेल्यामुळे शहराचा चेहरा पुन्हा लाल झाला. चार टर्नमध्ये बंड झालं, आणि पाठोपाठ आणखी दोन शहरं गेली.

“दादा, माझं सगळंच बिघडलं रे.”

थोरला शेजारी येऊन बसला. त्याने उरलेली पानं निवांत वाचली. “उरलेले बॅकस पाडू नकोस,” तो म्हणाला. “सरहद्दीच्या गावाला खुशी लागतेच. फक्त तिथे कुणाला कायमचं बसवू नकोस. नवी पोरं आली की आधी ज्युपिटरच्या गावात ठेव, विद्यालय असेल तिथे ठेव. मी पंधरा टर्न घालवल्या त्या शिकण्यातच गेल्या.”

“पण मग तू हरलास कसा?”

“शंभरातच मोजायचं असं आपणच ठरवलं होतं ना!”

खऱ्या रोमलाही बॅकसशी हाच व्यवहार करावा लागला होता. इसवी सनपूर्व १८६ मध्ये तिथल्या सिनेटने बॅकसच्या गुप्त उत्सवांवर कडक बंधनं घातली. इतिहासकार लिव्हीने त्या प्रकरणाची सविस्तर हकीकत लिहून ठेवली आहे. सिनेटचा हुकूम कोरलेला कांस्यपट १६४० मध्ये दक्षिण इटलीतल्या तिरिओलो गावी सापडला आणि आज तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. गंमत अशी की त्या हुकमाने पूजा साफ बंद केली नाही. ज्याला करायचीच असेल त्याने परवानगी काढावी, ती देताना सिनेटमध्ये निदान शंभर सभासद हजर असावेत आणि विधीला पाचांहून जास्त माणसं जमू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. रोमन लोकांना आपला हा देव टाकायचा नव्हता. शहरातल्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर इसवी सनपूर्व ४९३ पासून सेरेसचं देऊळ होतं आणि त्याच देवळात तिच्या शेजारी लिबर होता. रोमन लोक पुढे बॅकसला ज्याच्याशी एकरूप मानू लागले तो हाच देव. गेममध्ये ज्यांच्यातून एकालाच निवडावं लागतं, ते धान्य आणि मद्य खऱ्या रोममध्ये एकाच छपराखाली नांदत होते.

धाकट्याने नवा डाव मांडला. मेडिओलानम घेतलं, चेहरा लाल झाला, त्याने बॅकस बांधला. मग तिथल्या सोळा वर्षांच्या पोराला उचललं आणि अरेटियमच्या वाटेला लावलं. त्या रात्री, पैज जिंकलेली असूनही, दादाच्या जोडीने तो भांडी विसळायला उभा राहिला.

तात्पर्य: देऊळ बांधताना ते गावाला काय देईल हे सगळेच विचारतात. त्याच्या सावलीत रोज बसणारा माणूस वीस वर्षांनी कसा झालेला असेल, हे बांधण्याआधी विचारावं; कारण देऊळ पाडता येतं, जडलेली सवय पाडता येत नाही.