भरवशाचा माणूस



नोकरीतल्या निरोप समारंभाला आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ, बटाटेवडा, आणि कोणीतरी उठून म्हणतो, "आमचा भरवशाचा माणूस चालला." माझ्याही समारंभात हे वाक्य म्हटले गेले. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटले, नम्रता आहे. ती नम्रता नव्हती, ते शेवटी सांगतो.

आमचे नौपाडा हे नोकरदारांचे गाव. सकाळी गोखले रोडने स्टेशनकडे जाणारी गर्दी पाहिली की कळते. बँकेतले, विम्यातले, रेल्वेतले, मंत्रालयातले, आणि एके काळी उलट दिशेला, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत जाणारे. धंदा काढावा, जोखीम घ्यावी, असे आमच्या घरांत फारसे शिकवले गेले नाही. हुशारी थोडी कमी असली तरी चालेल, पण माणूस जबाबदार हवा, हीच शिकवण. दिलेले काम वेळेत करावे, खाडे करू नयेत, पैशाला हात लावू नये. या भांडवलावर तीस-पस्तीस वर्षे निघत, मुलांची शिक्षणे होत, ब्लॉक होई. मी या भांडवलाला कमी लेखत नाही. शहरे त्यावरच चालतात.

किती खोलवर चालतात, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दिसले. तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, दहाच्या सुमारास, दोन अतिरेक्यांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षालयात बेछूट गोळीबार सुरू केला. पन्नासहून अधिक माणसे त्या स्टेशनात मारली गेली. लोकलच्या बाजूला त्या वेळी विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक कामावर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, एवढेच सांगायचे त्यांचे काम. प्रकार लक्षात येताच त्यांनी माइक सोडला नाही. मराठीत आणि हिंदीत ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की पुढच्या बाजूला येऊ नका, एक नंबरच्या फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. गाडीतून उतरणारी माणसे वळली आणि निघून गेली. नंतर त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळी आली. लोकलचे फलाट रिकामे झाले होते, म्हणून किती जीव वाचले याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

या प्रसंगात झेंडे यांचे धैर्य सगळ्यांना दिसते. मला आणखी एक गोष्ट दिसते. त्या गोंधळात लोकांनी त्यांचे ऐकले का? फलाटावर उभ्या माणसाला बंदूक दिसत नव्हती, त्याला फक्त एक आवाज ऐकू येत होता. पण फलाटावरचा आवाज हा रोजचा, ओळखीचा. ठाणे लोकल कुठे लागणार, कोणती गाडी रद्द, हे सांगणारा. (गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करणाराही तोच. ठाणेकरांनी ती दिलगिरी किती वेळा ऐकली असेल!) त्या आवाजाने वळ म्हटले की पाय आपोआप वळतात. हजारो क्षुल्लक घोषणांतून साठलेला विश्वास त्या रात्री एकदम खर्ची पडला, आणि पुरला. रोजचे साधे काम नीट करण्याचा अर्थ मला त्या घटनेनंतर जरा वेगळा कळला.

तेव्हा प्रश्न असा नाही की विश्वासूपणा चांगला की वाईट. प्रश्न असा आहे की तो कोणासाठी, कशासाठी, आणि तो आपल्या हातात आहे की दुसऱ्याच्या?

तलावपाळीजवळचे आपले चर्च संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने आहे. त्यांच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन २९ ऑगस्टला येतो. ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि हेरोद राजाला दुष्ट म्हणून सोडून देतो. पण मार्कच्या शुभवर्तमानात नीट पाहा. हेरोद योहानाला मान देत होता, त्याचे ऐकत होता. मेजवानीत नाचणाऱ्या मुलीला त्याने मागशील ते देतो म्हणून शपथ घेतली, आणि तिने मागितले योहानाचे शिर. राजाला फार दुःख झाले. तरी त्याने दिले, कारण पाहुण्यांसमोर शब्द गेला होता. म्हणजे हेरोद शब्दाचा पक्का निघाला! त्या रात्री दरबारात कोणाचीही तक्रार नव्हती की राजा बोलतो एक आणि करतो एक. संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी तेराव्या शतकात म्हणून ठेवले आहे की अनुचित गोष्टीचे वचन न पाळणारा दोषी ठरत नाही. हे ऐकायला सोपे वाटते. पण ज्याची सारी ओळखच शब्द पाळणारा म्हणून आहे, त्याला नाही म्हणताना स्वतःचीच कातडी सोलल्यासारखे वाटते. पाहुणे बघत असतात.

दुसरी एक अडचण कमी गंभीर, पण कार्यालयात रोजची. भरवशाच्या माणसाला हळूहळू वाटू लागते की आपल्यावाचून अडेल. त्याला ते हवेहवेसेही वाटते. तो रजा घेत नाही, हाताखालच्याला काम शिकवत नाही, किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवतो. आणि मग बढतीच्या वेळी साहेब म्हणतात, तुम्हाला इथून हलवले तर हे टेबल कोण सांभाळणार? मुंबईच्या डबेवाल्यांचे काम महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केले असे सांगतात. त्यांच्या वक्तशीरपणाचे कौतुक जगभर झाले, २००३ मध्ये ब्रिटनचे त्या वेळचे युवराज चार्ल्स त्यांना भेटून गेले. पण त्यांच्या व्यवस्थेतली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक गटात गरजेपेक्षा दोन-चार माणसे जास्त ठेवलेली असतात. एखादा आजारी पडला, गावाला गेला, तरी डबा पोहोचतो. भरवसा गटाचा असतो, एकट्याचा नाही. २०२० च्या टाळेबंदीने त्यांच्या धंद्याला मोठा फटका बसला, तो भाग वेगळा. पण जबाबदारी म्हणजे आपल्यावाचून अडणे नव्हे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी समजले होते.

आता माझी गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो. आज त्या जागी काचेची इमारत उभी आहे. १९९० च्या दशकातली गोष्ट. मार्चअखेर, हिशेब तपासनीस येणार होते. पितळी सळयांचा साठा रजिस्टरपेक्षा बराच कमी भरत होता. माल कुठे गेला होता, ते वरच्यांना ठाऊक असावे. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही मोजून बरोबर आहे म्हणून सही करा. तुमच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही."

त्या वाक्याने मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच आहे. वीस वर्षांच्या माझ्या वागण्याची किंमत कोणीतरी मोजून माझ्यासमोर ठेवली होती. तीच किंमत वापरून ते खोटे विकणार आहेत, हे समजायला मला जिना उतरेपर्यंतचा वेळ लागला. तोवर सही झाली होती.

जूनमध्ये पुन्हा मोजणी झाली. तूट निघाली. मार्चला माल पूर्ण होता असे कागद सांगत होता, तेव्हा चोरी त्यानंतरची ठरली. स्टोअर्समध्ये माल उचलायला एक तरुण मुलगा होता, कळव्याहून चालत यायचा. कायम झालेला नव्हता. त्याला काढून टाकले. पोलिसांत दिले नाही, हीच मेहेरबानी, असे त्याला सांगण्यात आले. मी तिथेच उभा होतो. माझी मुले शाळेत होती, घराचे हप्ते चालू होते. ही कारणे खोटी नव्हती. मी गप्प राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पावणेआठला कार्डावर वेळ मारली.

पापनिवेदनात मी हे सांगितले आहे. क्षमाही मिळाली. पण धर्मगुरूंनी तेव्हा एकच विचारले होते, त्या मुलाचे काय झाले? मला माहीत नव्हते. शोधलेही नव्हते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तो मला गावदेवी मार्केटमध्ये दिसला. केस पिकलेले, हातात भाजीची पिशवी, सोबत मुलगी. त्यानेच ओळखले. "काका, बरे आहात ना?" म्हणाला. मी मुलीला थोडे बाजूला थांबायला सांगून, रस्त्यातच, सही माझी होती आणि तूट मार्चच्या आधीचीच होती, हे त्याला सांगितले. इतक्या वर्षांत मनात शंभर वेळा जुळवलेली वाक्ये अर्ध्या मिनिटात संपली.

तो रागावला नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "काका, मला तेव्हाच माहीत होते. सळया मीच तर लावायचो. मी गेटबाहेर संध्याकाळपर्यंत थांबलो होतो त्या दिवशी. वाटले, तुम्ही आहात, तुम्ही नक्की बोलाल."